वरच्या पट्टीतले पक्षी

सर्जापूर रोड, बेंगळुरू
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय संताजीअण्णा,

बावीस महिने तुम्हाला एक ओळ लिहिली नाही, त्याची आधी माफी मागतो. कारणं द्यायला बसलो तर पान भरेल आणि त्यातलं एकही खरं नसेल. मला राग आला होता आणि आपलंच बरोबर आहे अशी खात्रीही होती. दोन्ही एकदम असलं की माणूस पत्र लिहीत नाही.

भांडणानंतरच्या उन्हाळ्यात मी एकदा फोन केला होता. तुम्ही म्हणालात, "तुला लिहायची हौस आहे ना? मग लिही." आणि ठेवून दिलात. तेव्हा तो मला टोमणा वाटला. आज परवानगी समजून लिहितो आहे. मराठी घरी बोलता, पण तुमची देवनागरी शाळेतल्या हिंदीपुरती आहे, सावकाश वाचता, म्हणून अक्षर मोठं काढतो आणि वाक्यं छोटी ठेवतो.

डिसेंबरात आमच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात आरोग्य तपासणी होती. कानासाठी टेलिफोन बूथसारखी एक पेटी आणली होती. आत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीचे आवाज आले, मी दाबत गेलो. मग बराच वेळ काहीच नाही. तुम्हाला माहीत आहे, माझं कामच सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याचं. मला वाटलं यंत्र अडकलं. काचेतून त्या तपासणाऱ्या बाईंना खूण केली, चालू करा म्हणून. त्यांनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "सर, चालूच आहे."

नंतर त्यांनी कागद दाखवला. डावीकडून सरळ आलेली रेघ उजवीकडे कड्यावरून पडल्यासारखी खाली गेलेली. बोलणं नीट ऐकू येईल म्हणाल्या. माणसाचा आवाज खालच्या पट्टीत असतो, वरची पट्टी गेली आहे. मी विचारलं, किती दिवसांपासून? त्या म्हणाल्या, "दिवस नाही. वर्षं."

घरी येऊन मी संगणकावर फुलटोचा या इवल्या पक्ष्याचा आवाज लावला. फाइल बिघडलीय असं वाटून दुसरी लावली, मग तिसरी. तेवढ्यात आसावरी स्वयंपाकघरातून ओरडली, "अरे, ते टिकटिक बंद कर ना, डोकं उठलं."

"कुठलं टिकटिक?"

ती लाटणं हातात घेऊनच बाहेर आली. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. तिने एकदा त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग लाटण्याच्या टोकानेच तिने आवाज बंद केला.

अण्णा, नऊ वर्षं दर फेब्रुवारीत मी तुमच्या बागेत पक्षी मोजायला उभा राहिलो. पंधरा ठरलेल्या जागा, प्रत्येक जागी दहा मिनिटं, जे दिसेल आणि ऐकू येईल ते वहीत. सुपारी आणि कोकोच्या त्या दाट हिरव्यात दिसतं कितीसं? दहातले नऊ पक्षी आपण कानांनीच मोजतो. पहिल्या वर्षी, २०१६ मध्ये, फुलटोचे अडतीस होते. २०२४ मध्ये तीन. त्यावरून मी अहवाल लिहिला की तुमच्या कोकोच्या बागेतून लहान पक्षी निघून गेले आहेत, आणि तुमचा कोको घेणाऱ्या चॉकलेटवाल्यांनी वेष्टनावरून तुमच्या बागेचं नाव आणि पक्ष्याचं चित्र काढून टाकलं.

तुम्ही तेव्हा अंगणात कोकोच्या बिया वाळत घालत होतात. वर बोट दाखवून म्हणालात, "अरे, हे बघ, डोक्यावर बोंबलतंय ते! ऐक की!" मी वर पाहिलं. मला वारा ऐकू आला. मी म्हणालो, "अण्णा, मालकाने ऐकलेलं मोजणीत धरत नाहीत."

"मालक?" तुम्ही म्हणालात. "नऊ वर्षं जेवलास तेव्हा अण्णा, आज मालक?"

ते बरोबर होतं. नियमही बरोबर होता. पण आता वाटतं, फुलटोच्यापुरती माझी नोंद कदाचित चुकली असावी.

चंदनावहिनींना नमस्कार.

तुमचा,
नंदकिशोर


रविवार, ११ जानेवारी

प्रिय अण्णा,

काल चंदनावहिनींचा फोन आला. तुम्ही बागेत होतात. त्यांनी तुमच्या नकळत केला असं त्या म्हणाल्या, पण मला वाटत नाही तुमच्या घरात तुमच्या नकळत काही होतं.

"पत्र आलं तुझं. ह्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा अंगणात उभं राहून."

"काही म्हणाले?"

"म्हणाले, कदाचित म्हणतोय तो."

"आणि?"

"आणि काय! सुपारीला पाणी सोडायला गेले."

मग त्यांनी झाडं तोडायचं ठरल्याचं सांगितलं. अण्णा, हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. तुमच्या आजोबांनी बेंगळुरूतलं गवीपुरमचं घर वाटणीत सोडून घाटाखाली पुत्तूरजवळ ही बाग घेतली, तेव्हापासूनची ती अकरा झाडं: फणस, रानआंबा, धूप. त्यांच्या सावलीत कोको आहे, त्यांच्या खोडांवर मिरी आहे. ती सगळी तोडून निव्वळ सुपारी करायची असं शंभूराज तुम्हाला दहा वर्षं म्हणत होते आणि तुम्ही दहा वर्षं नको म्हणत होतात, हे मी जेवताना ऐकलं आहे. "मग पाखरं कुठं जातील?" एवढंच तुम्ही विचारायचात. त्यावर ते गप्प बसायचे. तुमच्या धाकट्या भावाला गप्प बसवणारं ते एकच वाक्य होतं.

वहिनी म्हणाल्या, "तुझा तो रिपोर्ट भाऊजींनी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, लग्नाच्या फोटोसारखा. जेवताना काढतात. म्हणतात, अण्णा, तुझ्या लाडक्या नंदूनंच लिहिलंय, पाखरं गेली. मग झाडं कुणासाठी धरून बसलायस?"

"आणि अण्णा?"

"ह्यांनी सही दिली. लाकूडवाला महाशिवरात्रीनंतर येणार. ह्यांना म्हटलं, असं कसं केलंत? तर म्हणाले, नंदूनं लिहिलंय. नंदू खोटं लिहीत नाही."

फोन ठेवल्यावर जे मी डिसेंबरातच करायला हवं होतं ते केलं. नऊ वर्षांची यादी उघडली. प्रत्येक पक्ष्यासमोर त्याच्या आवाजाची पट्टी लिहिली आणि खालून वर अशी यादी लावली. तांबट, भारद्वाज, बुलबुल, कोतवाल: खालच्या आवाजाचे सगळे नऊ वर्षं जसेच्या तसे आहेत. मग चष्मेवाला, निखार, खोडावर उलटा चालणारा निळा शिलींध्री, आणि सगळ्यात वर फुलटोचा. आधी फुलटोचा कमी झाला. दोन वर्षांनी शिलींध्री. मग निखार. मग चष्मेवाला. वरून खाली, एकेक पायरी. बागेतून पक्षी असे पट्टीच्या क्रमाने जात नाहीत. कान असे जातात.

त्यामुळे मागच्या पत्रातलं "कदाचित" मी मागे घेतो. ते लिहिताना मला ठाऊक होतं की ते स्वतःला वाचवण्यासाठी आहे.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मी पुन्हा अर्धंच लिहिलं असं होईल. मोठा धनेश २०२२ पासून एकदाही नोंदला गेला नाही, आणि त्याचा आवाज मला अजून चांगला ऐकू येतो. तेवढं नुकसान खरं आहे. तुम्हाला बरं वाटावं म्हणून ते मी पुसणार नाही.

वहिनी शेवटी म्हणाल्या, "कानाचं औषध घे रे." त्याला औषध नाही हे मी त्यांना सांगितलं नाही.

नंदकिशोर


बुधवार, १४ जानेवारी

अण्णा,

आज संक्रांत. शेजारच्या आजी एळ्ळू-बेल्ला देऊन गेल्या. आपल्या तिळगुळासारखंच, खा आणि गोड बोला. मी तोंडात घातलं आणि एक कडू गोष्ट आठवली, ती आज लिहूनच टाकतो.

अहवालात मी "बहुधा फवारणीमुळे" असं लिहिलं होतं. शेडमध्ये मी निळसर पिंप पाहिलं होतं. त्यात मोरचूद आणि चुना होता, सुपारीला पावसाआधी मारतात ते बोर्डो मिश्रण. अहवालाच्या दोन वर्षं आधी तुम्हीच मला ते ढवळून दाखवलं होतं, आणि कीटकनाशक बागेत येऊ देत नाही हेही सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. पण आकडा खाली आला की कारण लिहावं लागतं, आणि माझ्याकडे ते एकच पिंप होतं.

चॉकलेटवाल्यांना परवा सविस्तर कळवलं. "नोंद घेतली आहे" असं दोन ओळींचं उत्तर आलं. मीही असंच लिहितो ऑफिसात.

नं.


रविवार, १८ जानेवारी

प्रिय अण्णा,

तीन पत्रं लिहिली आणि तिन्हींत एक माणूस वगळलं. आसावरीने विचारलं तेव्हा लक्षात आलं. लक्षात आलं हे खोटं. तिने विचारलं तेव्हा टाळता येईना.

मी तिला सगळी हकिगत सांगत होतो. ऐकून ती म्हणाली, "तू एकटाच मोजायचास?"

"शेवटच्या वर्षी एक मुलगी होती बरोबर."

"तिचे कान कसे होते?"

रक्षिता तुम्हाला आठवत असेल. आमच्या रविवारच्या पक्षी-गटात नवीन आलेली, मूळची तुमकूरकडची, सव्वीस वर्षांची. तुम्ही तिला कोकोचं फळ फोडून आतला पांढरा गर चोखायला दिला होतात आणि तिने सात बिया गिळल्या होत्या.

आमच्या गटाचा एक रिवाज आहे. नवा मोजणारा फक्त ऐकलेला पक्षी नोंदवतो तेव्हा ती नोंद जुन्या मोजणाऱ्याने दुजोरा दिला तरच राहते. नाहीतर आडवी रेघ मारायची. रिवाज वाईट नाही. नवीन लोकांना उत्साहात काहीही ऐकू येतं, मलाही यायचं. त्या सकाळी रक्षिता प्रत्येक जागी म्हणायची, "सर, फ्लॉवरपेकर." म्हणजे आपला फुलटोचा. मी कान द्यायचो आणि म्हणायचो, नाही. ती लिहायची, मी रेघ मारायचो. पाचव्या जागेनंतर ती हळू बोलायला लागली. नवव्या जागी तिने विचारलं, "सर, आत्तासुद्धा नाही?" मी म्हणालो, "रक्षिता, जे ऐकावंसं वाटतं ते ऐकू येतं. आधी शांत व्हायला शीक." हे वाक्य मला फार शहाणपणाचं वाटलं होतं. रात्री डायरीतही लिहून ठेवलं. आज काढून पाहिलं, आहे.

दहाव्या जागेपासून तिच्या पानावर फुलटोचा नाही. तिला ऐकू येणं थांबलं असेल असं नाही. तिने सांगणं थांबवलं.

म्हणजे अण्णा, तुमचं मी ऐकलं नाही कारण तुम्ही मालक, आणि तिचं ऐकलं नाही कारण ती नवीन. माझे कान गेले यात माझा दोष नाही. पण दोन माणसं दोन्ही बाजूंनी मला सांगत होती, आणि ते ऐकायला वरची पट्टी लागत नाही.

मार्चनंतर ती गटात आली नाही. नोकरी बदलली असेल असं मी धरून चाललो होतो. चौकशी केली नाही. आता तिचा नंबर मिळवला आहे. व्हाइटफील्डला असते. अजून फोन केलेला नाही.

नंदकिशोर


रविवार, २५ जानेवारी

प्रिय अण्णा,

भेटलो. व्हाइटफील्डला तिच्या ऑफिससमोर एक दर्शिनी हॉटेल आहे, तिथे उभ्याने कॉफी घेत. आमचं बोलणं तिच्या कन्नड-इंग्रजीत आणि माझ्या मोडक्या कन्नडात झालं. तुमच्यासाठी मराठीत लिहितो.

मी कानाचा तो कागद टेबलावर ठेवला. तिने पाहिला, घडी घातली, परत दिला.

"सर, तुम्ही माझ्या एकवीस नोंदी खोडल्या होत्या."

"मोजल्यास तू?"

"तुम्हीच शिकवलंत ना मोजायला."

मी माफी मागायला लागलो तर तिने हात वर केला. "मला नंतर. त्या अण्णांना सांगितलंत?"

"लिहितो आहे. चार पत्रं झाली."

"पत्रं? अय्यो सर! पुत्तूरला बस जाते, माहीत आहे ना?"

"ते म्हणाले होते, लिही."

"ते रागात म्हणाले असतील. तुम्ही पण ना, जे ऐकायचं ते ऐकत नाही आणि जे नाही ऐकायचं ते नेमकं ऐकता." बोलून झाल्यावर तिला स्वतःलाच वाईट वाटलं आणि तिने माझ्यासाठी आणखी एक कॉफी सांगितली.

मग म्हणाली, त्या सकाळनंतर तिला वाटायला लागलं की तिला भास होतात. पक्षी बघायला गेली की प्रत्येक आवाजाला शंका. शेवटी दुर्बीण चुलत बहिणीला देऊन टाकली. हे ती अगदी सहज सांगत होती, कॉफीवरची साय बोटाने बाजूला करत. मला ते सहज ऐकता आलं नाही.

अण्णा, आता महत्त्वाचं. नवीन म्हणून तिने त्या सकाळी पंधराही जागी मोबाइलवर आवाज भरून घेतला होता, घरी जाऊन सराव करायला. नंतर तिने तो कधी उघडलाच नाही, पण पुसलाही नव्हता. या आठवड्यात तीन संध्याकाळी आम्ही तो ऐकला. म्हणजे तिने ऐकला, मी पाहिला. आवाजाचं चित्र काढणारं एक साधन असतं. डावीकडून उजवीकडे वेळ, खालून वर पट्टी. तांबटाच्या जाड खुणा खाली दिसत होत्या, त्या मला ऐकूही येत होत्या. एका जागी तुमचा खोकला होता. आणि त्या सगळ्याच्या वर, जिथे माझ्यासाठी नुसती शांतता होती, तिथे बारीक उभे ठिपके. टाचणीने टोचल्यासारखे. एकामागून एक, ओळीने, पान संपेपर्यंत. रक्षिता प्रत्येक ठिपक्याबरोबर टेबलावर बोट टेकवत होती, मला कळावं म्हणून.

पंधरापैकी तेरा जागी फुलटोचा आहे. शिलींध्री आठ जागी. चष्मेवाले तर मोजता येत नाहीत, थवेच आहेत. तुमच्या बागेतून लहान पक्षी गेले नव्हते. मी ज्या दिवशी ते गेले असं लिहिलं त्या दिवशीही ते माझ्या डोक्यावर होते.

हे सगळं जागेवार लिहून, चित्रांसकट, चॉकलेटवाल्यांना आणि आमच्या गटाला पाठवलं. एक प्रत तुमच्यासाठी सोबत जोडतो. खाली आधी रक्षिताची सही, मग माझी. तिने विचारलं, "आधी माझी का?" मी म्हणालो, मोजणाऱ्याची आधी असते.

महाशिवरात्रीला तीन आठवडे आहेत. शंभूराजना हे दाखवाल का? त्यांना लाकूडवाल्याला थांबवायला सांगाल का? मला तुम्हाला काही मागण्याचा हक्क नाही हे ठाऊक आहे. तरी मागतो.

नंदकिशोर


रविवार, ८ फेब्रुवारी

प्रिय अण्णा,

तुमचं पत्र शुक्रवारी आलं. पाकिटावरचा पत्ता इंग्रजीत, म्हणून फोडेपर्यंत कळलं नाही. आत दोन्ही बाजूंनी भरलेला कागद, आणि सगळं कन्नड लिपीत! मराठी बोलता एवढं, कधी लक्षातच आलं नाही की लिहायची वेळ आली तर तुम्ही हेच कराल. अठरा वर्षं बेंगळुरूत काढली, मला बसच्या पाट्या वाचता येतात, तेवढ्यावर "नंदू" आणि तुमचं नेहमीचं "सरी", म्हणजे "बरं", एवढे दोन शब्द लागले. अर्धा तास घालवून "चंदना" लागलं. मग सोडून दिलं.

रक्षिताला फोन केला. काल ती घरी आली. तिला अक्षरं येतात, मराठी येत नाही. मला मराठी येतं, अक्षरं येत नाहीत. आसावरी म्हणाली, "म्हणजे दोघांत मिळून एक साक्षर." रक्षिता खिडकीपाशी बसून वाचायला लागली, पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर जोडत, काय वाचते आहे ते न कळता. तिच्या तोंडून तुमचा आवाज येत होता, अण्णा. तुमची वाक्यं, तुमचं मध्येच थांबणं. तिने वाचलेलं मी देवनागरीत उतरवत गेलो, ते इथे पुन्हा लिहितो. बरोबर उतरलंय का तेवढं पाहा.

"नंदू, तुझी पत्रं पोचली. पहिलं बरं नव्हतं. दुसरं बरं. संक्रांतीचं वाचून मी चंदनाला म्हटलं, आता हा आपला नंदू. शेवटच्याची चित्रं मी भिंतीला लावली. ठिपके बघून शेजारचा विचारतो, हे काय, रक्ताची तपासणी काय?

"लाकूडवाला आधीच आला. पंचवीस तारखेला. महाशिवरात्रीनंतर येतो बोलला होता, पण त्याला ट्रक मिळाला. दोन झाडं गेली. रस्त्याकडला धूप आणि मोठा फणस. फणसावर मिरी होती. तुझं चित्रांचं पत्र दोन आठवडे आधी आलं असतं तर काय झालं असतं, हा हिशोब तू करत बसू नको. तुला मी ओळखतो, तू करशील. मी पण सही दिली होती. कुणी माझा हात धरून नव्हती घेतली.

"मी पुढल्या झाडाखाली खुर्ची टाकून बसलो. लाकूडवाल्याला बोललो, मी जेवायला उठलो की तोड. चंदना जेवण तिथंच घेऊन आली. तो गेला. परत येतो बोललाय.

"शंभूला तुझी पत्रं वाचून दाखवली. तो म्हणतो, मला देवनागरी येत नाही आणि वाचणारा तू. तू तुझ्या सोयीचं वाचशील. सरी, त्याचं पण बरोबर. त्याच्या नावानं लिही. कन्नडात लिही. तुझ्या हातानं लिही, टाइप केलेलं नको. टाइप केलेलं एकदा आलं होतं.

"धनेश येत नाही हे खरं. रस्ता रुंद केला तेव्हापासून नाही. ते तू पुसलं नाहीस म्हणून बाकीचं मी मानलं.

"तुझे कान गेले ऐकून चंदना रडली. मी नाही रडलो. मला आठ दिवस बरंच वाटलं, खोटं का बोलू. मग एक सकाळी पाणी सोडत होतो आणि वर ते टिकटिक चाललं होतं. मला वाटलं, नंदूनं मला हा आवाज पहिल्यांदा दाखवला होता. त्याच्या आधी मला ते नुसतं पाखरू होतं. मला आता रोज ऐकू येतं आणि त्याला नाही. तिथं राग स्वल्प उतरला. सगळा नाही."

रक्षिता इथे थांबली. पान संपलं असं तिला वाटलं होतं. तिने विचारलं, "सर, मी काय वाचलं?" मी उतरवलेला कागद आसावरीकडे सरकवला. आसावरीने तिला हिंदीत सांगितलं, थोडक्यात.

कागदाच्या कडेला अजून दोन ओळी होत्या, आडव्या: "त्या मुलीला मोजायला पाठव. तू पण ये, वही धरायला. तिला सांग, बिया गिळायच्या नसतात."

तिने हेही न कळताच वाचलं, आणि सांगितल्यावर इतकी हसली की तुमचं पत्र जमिनीवर पडलं.

अण्णा, तो हिशोब मी करणार नाही असं लिहू शकत नाही. केला आहे. कान तपासले १६ डिसेंबरला. तुम्हाला पहिलं पत्र ४ जानेवारीला. मधल्या एकोणीस दिवसांत मी काही आजारी नव्हतो. त्या दिवसांतच सगळं सरळ लिहिलं असतं, "कदाचित" न लावता, तर फणस उभा असता. तुम्ही सही दिलीत ती माझ्या शब्दावर. ही जबाबदारी तुम्ही अर्धी घेताय, ती मी घेऊ देणार नाही. पण त्यावर आणखी दोन पानं लिहिली तर मी पुन्हा माझ्याबद्दलच लिहीन, आणि नऊ झाडं अजून उभी आहेत.

रक्षिता म्हणाली, मी कन्नडात लिहून देते, तुम्ही खाली सही करा. मी नको म्हटलं. तिने मग एका कागदावर सगळी मुळाक्षरं काढून दिली, जोडाक्षरं वेगळी, आणि दुपारभर माझ्याकडून गिरवून घेतलं. माझा 'ळ' तिला पसंत नाही. शंभूराज माझं अक्षर बघून हसणार. हसू देत, पण हसताना वाचतील. ते मानतील की नाही हे मला माहीत नाही. माझ्या टाइप केलेल्या दोन पानांवर त्यांनी विश्वास ठेवला, आणि ती दोन पानं चुकीची होती. आता वेड्यावाकड्या एका पानावर का ठेवावा? मी त्यांच्या जागी असतो तर ठेवला नसता, निदान लगेच तरी. तरी लिहायचं.

तुमचा,
नंदू

उद्या: शंभूराजना पत्र. कन्नडात, माझ्या हाताने. पहिलं वाक्य हे: पाखरं गेली असं मी लिहिलं, ते चूक होतं.